शस्त्र धरणारा हात

रणांगणावर घायाळ झालेला शिपाई पुष्कळदां वैद्य पोहोंचण्यापूर्वींच रक्तस्रावानें मरतो. म्हणून १९९६ सालीं अमेरिकेंतील लष्करी वैद्यांनीं नवे नियम मांडिले. तेथील रेंजर पलटणींत तर प्रत्येक शिपायास हातापायाच्या जखमेच्या वर पट्टा आवळून रक्त थांबविण्यास शिकविलें. मात्र गोळीबार चालूं असतां आधीं शत्रूस उत्तर द्यावें, असा क्रम आहे.

तर मग मारणें व वांचविणें हीं एकाच हातास शोभतात काय? आम्हांस वाटतें, खरी कसोटी शत्रु जखमी होऊन पडल्यावर लागते. १९४९ च्या जिनीव्हा करारानें घायाळांत आपला-परका भेद करण्यास मनाई केली आहे. प्रथम कोणाकडे वळावें हें जखमेची निकड ठरविते. ज्यास पट्टा आवळतां येतो, त्यास ‘मला ठाऊक नव्हतें’ असें म्हणतां येणार नाहीं. विद्या आली, तिजबरोबर जबाबदारीहि आली.