तीच डिस्क, हे कशावरून?

लिनक्समध्ये पेनड्राइव्ह लावला की कर्नल त्याला 'एसडीबी', 'एसडीसी' असे नाव देते. हे नाव ओळखीचे नसते, क्रमाचे असते. जे उपकरण आधी सापडले त्याला आधीचे अक्षर. आजचे 'एसडीबी' उद्या दुसऱ्याच डिस्कचे नाव असू शकते, आणि त्यावर विसंबून फॉरमॅटची आज्ञा देणारा भलताच डेटा पुसून बसतो.

2003 मध्ये आलेल्या यूडेव्ह या उपकरण-व्यवस्थापकामुळे स्थिर नावांची सोय झाली, पण तीही एकाच प्रकारची नाही. एक नाव कारखान्यातल्या अनुक्रमांकावरून, एक जोडणीच्या जागेवरून, एक फाइल सिस्टिममध्ये नोंदलेल्या यूयूआयडी या अनन्य ओळखक्रमांकावरून. वस्तू 'तीच' कशावरून म्हणायची, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद इथे आठवावाच लागतो. 'हा तोच देवदत्त' ही प्रत्यभिज्ञा, म्हणजे आधी पाहिलेल्याची पुन्हा पटलेली ओळख, न्यायदर्शनाच्या अनुयायांना, नैयायिकांना, स्थायी द्रव्याचा पुरावा वाटते. बौद्ध क्षणिकवादी म्हणतात, दिव्याची ज्योतही तीच भासते. तो केवळ साम्याचा भ्रम.

अनुक्रमांक नैयायिकांच्या बाजूचा: आतले सारे पुसले तरी तो टिकतो. यूयूआयडी मात्र नव्याने फॉरमॅट करताच बदलतो आणि हुबेहूब प्रत काढली की दोन डिस्कांवर एकच राहतो. वापरणाऱ्याला हव्या असतात त्या आतल्या फायली, म्हणून यूयूआयडी निवडणे व्यवहारात योग्यच. त्याने वाद मात्र मिटत नाही. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम तर खास पर्याय दिल्याशिवाय एकाच यूयूआयडीच्या दोन प्रती एका वेळी माउंटच करू देत नाही.