गच्चीला कठडा

बायबलमधील अनुवाद या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात एक छोटासा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने आपल्या गच्चीला कठडा बांधावा. तो नसल्यामुळे कुणी खाली पडला, तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा त्याचा आशय. त्या काळी पॅलेस्टाईनमधील घरांची छपरे सपाट असत. लोक तेथे वाळवण घालीत, उन्हाळ्यात निजत, एकांतात प्रार्थनाही करीत. पाहुणा वर गेला आणि अंधारात त्याचा पाय घसरला, तर घरमालक सहज म्हणू शकला असता, 'मी त्याला ढकलले नव्हते.' नियमशास्त्र मात्र हे उत्तर मान्य करीत नाही.

हा नियम वाचताना एक गोष्ट मनात ठसते. कुणी पडल्यावर काय करावे, जखमा कोणी बांधाव्यात, भरपाई किती द्यावी, याविषयी येथे एक शब्दही नाही. अपघात घडण्याआधीचे कर्तव्य येथे सांगितले आहे. आणि जो पडणार आहे, त्याचे नाव-गाव अजून कुणालाच ठाऊक नाही. अशा अनोळखी, कदाचित अजून जन्मालाही न आलेल्या माणसाचे आपण काही देणे लागतो, ही जाणीव त्या प्राचीन नियमात आहे.

आज आपल्या गच्च्यांचे रूप पालटले आहे. ज्या छपरांवरून आज माणसे कोसळतात, ती कारखान्यांची छपरे आहेत. आणि कोसळणाऱ्यांतील बहुसंख्य त्या छपरावर कधी चढलेलेच नसतात. ते कुंपणाबाहेर आपापल्या घरात झोपलेले असतात.

१९८४ सालच्या डिसेंबर महिन्याची २ तारीख हा आगमनकाळाचा पहिला रविवार होता. त्या दिवशी जगभरच्या मंदिरांत संत मार्कच्या तेराव्या अध्यायातील दाखला वाचला गेला: धनी परगावी जातो, चाकरांना आपापले काम नेमून देतो आणि द्वारपालाला जागे राहायला सांगतो, कारण धनी संध्याकाळी येईल, मध्यरात्री येईल की कोंबडा आरवताना, हे कुणाला ठाऊक नाही. त्याच रात्री, मध्यरात्र उलटून गेल्यावर, भोपाळ येथील युनियन कार्बाईडच्या कीटकनाशक कारखान्यातील एका टाकीतून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले. टाकीत पाणी शिरले, त्यातून उष्णता आणि दाब वाढत गेला, झडप उघडली आणि विषारी वायू कुंपणालगतच्या झोपडवस्त्यांवर उतरला. काही हजार माणसे मेली. जी वाचली, त्यांतील असंख्यांच्या फुफ्फुसांत आणि डोळ्यांत ती रात्र कायमची राहिली.

द्वारपाल झोपी गेले होते, असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा त्या वर्षीच्या जूनपासून बंद होती. वायू शोषून निष्प्रभ करणारा मनोरा वेळेवर कामी आला नाही. वायू जाळून टाकणाऱ्या धुराड्याची नळी दुरुस्तीसाठी काढून ठेवली होती. तथापि येथेच थांबलो, तर या घटनेतील अधिक खोल प्रश्न आपल्या हातून निसटतो. तो प्रश्न असा, की इतके विष तेथे साठवून ठेवायची गरजच काय होती?

मिथिल आयसोसायनेट हा त्या कारखान्याचा कच्चा माल नव्हता, विक्रीचा मालही नव्हता. तो मधल्या टप्प्यावर तयार होणारा पदार्थ होता. साठा ठेवणे सोयीचे होते, इतकेच. शिवाय कार्बारिल हे कीटकनाशक दुसऱ्या मार्गानेही बनवता येते. तेच तीन पदार्थ, म्हणजे नॅफ्थॉल, फॉस्जीन आणि मिथिलअमाईन, वेगळ्या क्रमाने एकत्र आणले, तर मिथिल आयसोसायनेट वाटेत कुठे तयारच होत नाही. फॉस्जीन स्वतः विषारी आहे, त्यामुळे तो मार्ग निर्धोक होता असे नाही. परंतु त्या रात्री भोपाळवर पसरले, ते विष त्या मार्गावर नाही.

इंग्लंडमधील रसायनतज्ज्ञ ट्रेव्हर क्लेट्झ यांनी हा विचार भोपाळच्या सात वर्षे आधी मांडला होता. १ जून १९७४ रोजी फ्लिक्सबरो येथे नायलॉनचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात प्रचंड स्फोट होऊन २८ कामगार दगावले. त्या घटनेच्या पार्श्वभूमीवर १९७७ सालच्या आपल्या व्याख्यानात क्लेट्झ यांनी प्रतिपादन केले, की धोकादायक पदार्थाभोवती अधिकाधिक पहारे बसवण्यापेक्षा तो पदार्थ कमी ठेवावा, शक्य तर त्याच्यावाचून काम करावे. जे कारखान्यात नाही, ते गळण्याची भीती नाही. पहारेकरी झोपतो, यंत्र बिघडते, खर्चात कपात होते. पण नसलेले विष कोणाच्याही चुकीने बाहेर पडत नाही. क्लेट्झ यांची ही कल्पना म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेतला कठडाच होय.

असे मार्ग आपोआप सापडत नाहीत. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे खपावे लागते, नव्या उत्प्रेरकांचा शोध घ्यावा लागतो, बशीत जमलेले टाकीत जमते का, हे पडताळावे लागते. त्याला पैसा लागतो. तो कुणी द्यावा? या प्रश्नाकडे आपण बहुधा अर्थखात्याचा प्रश्न म्हणून पाहतो. माझ्या मते तो सदसद्विवेकाचा प्रश्न आहे.

पहिला आक्षेप सरळ आहे. कारखाना ज्याचा, नफा ज्याचा, कठडाही त्यानेच बांधावा; त्याच्यासाठी गरीब करदात्याने पैसा का मोजावा? या आक्षेपात न्याय आहे. कठडा बांधण्याचा खर्च मालकानेच सोसला पाहिजे, याविषयी दुमत नको. दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली हेच तत्त्व घालून दिले: घातक उद्योग चालवणाऱ्याने 'माझा निष्काळजीपणा नव्हता' ही सबब सांगू नये, हानी झाली की तो जबाबदार. अनुवादातील नियमाचा प्रतिध्वनीच तो. परंतु कठडा बांधणे वेगळे आणि कठडा कसा बांधावा हे शोधून काढणे वेगळे. ज्या शोधामुळे उत्पादन वाढते, त्यासाठी कंपनी आपणहून पैसा ओतते. ज्या शोधामुळे कुंपणाबाहेरचे मूल जिवंत राहते, त्याची किंमत बाजारात कुणी देत नाही. त्या मुलाच्या आईबापांजवळ ती देण्याची ऐपत नसते, आणि आपले मूल वाचले हे त्यांना कधी कळतही नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ सालच्या 'चेन्तेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात म्हटले आहे, की निसर्ग आणि मानवी परिसर यांसारख्या सामाईक ठेव्यांचे रक्षण केवळ बाजाराच्या शक्तींनी होऊ शकत नाही. ते शासनाचे कार्य आहे. सुरक्षित प्रक्रियेचे ज्ञान हे अशाच सामाईक ठेव्यांपैकी एक, असे मी मानतो.

लहान उद्योगांचे उदाहरण घेतले, तर हे अधिक स्पष्ट होते. तमिळनाडूतील वेल्लोर परिसरातील चामडे कमावणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्याने विहिरी आणि शेते नासली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यात, प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, असा निर्णय दिला. निर्णय योग्यच होता. पण दहा-वीस मजुरांचा चर्मकारखाना क्रोमियम कमी वापरण्याची रीत स्वतः कुठून शोधणार? ते काम चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेसारखी, लोकांच्या पैशावर उभी असलेली संस्थाच करू शकते. पाण्यावाचून क्रोमने चामडे कमावण्याची पद्धत तिने विकसित केली, ती याच जातीची. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ सालच्या 'लाउदातो सी'मध्ये, लहान उत्पादकांच्या सहकारी संस्था कमी प्रदूषण करणाऱ्या पद्धती स्वीकारतात, तेव्हा तंत्रज्ञान खऱ्या प्रगतीकडे वळते, असे सुचवले आहे.

दुसरा आक्षेप मनाला अधिक बोचतो. ज्या देशात आईला प्रसूतीसाठी मैलोन्‌मैल जावे लागते, तेथे प्रयोगशाळांवर पैसा का? आधी दवाखाने का नकोत? भोपाळनंतर काही दिवसांतच मदर तेरेसा तेथे पोचल्या. दुखावलेल्याच्या उशाशी बसणे हा आपल्या श्रद्धेचा गाभा आहे, आणि त्याची जागा कोणतीही प्रयोगशाळा घेऊ शकत नाही. परंतु दया आणि न्याय यांना एकमेकींच्या सवती करण्याचे कारण नाही. १९८९ साली युनियन कार्बाईडने ४७ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. इतकी रक्कम मोजूनही एकाही फुफ्फुसाला पूर्वीचा श्वास परत मिळाला नाही. त्या कारखान्यात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षांनंतर, २०२५ च्या जानेवारीत, पीथमपूरला हलवावा लागला, आणि तेथील रहिवाशांनी, 'हे आमच्या दारात का?' म्हणून विरोध केला. दवाखाना हवाच, पण माणसे दवाखान्यात येऊच नयेत म्हणून केलेला खर्च हा गरिबांच्या तोंडचा घास काढून केलेला खर्च नव्हे. २०२०-२१ साली आपल्या देशाचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के होता, हेही ध्यानात असावे.

मात्र एक तिसरा आक्षेप आहे, आणि तो सर्वांत कठीण आहे. भोपाळमध्ये ज्ञानाची उणीव नव्हती. दुसरा मार्ग रसायनज्ञांना ठाऊक होता. युनियन कार्बाईडने स्वतः पूर्वी तो वापरलाही होता. मग संशोधनाने काय साधले असते? माणूस जाणूनबुजून कठडा बांधत नसेल, तर कठड्याची शंभर चित्रे काढून काय उपयोग?

या आक्षेपापुढे मी बराच काळ निरुत्तर होतो. पण विचारांती वाटते, की ते ज्ञान होते, तरी ते कुंपणाच्या आत होते. झोपडीत राहणाऱ्या माणसाला, पाहणीला येणाऱ्या निरीक्षकाला, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला, 'हा साठा कशाला? दुसरी वाट नाही का?' असे विचारायला शिकवणारे कुणी त्यांच्या बाजूला नव्हते. दुर्घटनेनंतर मात्र लोकांच्या पैशावर घडलेले शास्त्रज्ञ धावून आले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक एस. वरदराजन यांच्या देखरेखीखाली १६ डिसेंबर १९८४ पासून उरलेल्या मिथिल आयसोसायनेटचे कीटकनाशकात रूपांतर करून ते संपवण्यात आले. त्या मोहिमेला नाव होते 'ऑपरेशन फेथ', म्हणजे श्रद्धेची मोहीम. श्रद्धा उशिरा आली, असेच म्हणावे लागते. ही माणसे दोन वर्षे आधी प्रश्न विचारण्यासाठी तेथे गेली असती तर?

सार्वजनिक संशोधनाचा हा लाभ आपण हिशेबात धरत नाही. ते नवी प्रक्रिया देते, आणि त्याबरोबर समाजाला साक्षीदार देते. 'याहून सुरक्षित मार्ग आहे' हे एकदा उघडपणे, सर्वांना वाचता येईल अशा रीतीने प्रसिद्ध झाले, की धोकादायक मार्गाने जाणाऱ्याची अज्ञानाची सबब संपते. तेथून पुढे रक्ताचा दोष कुठे पडतो, हे स्पष्ट दिसते.

म्हणूनच या पैशाला अटी असाव्यात. लोकांच्या पैशातून मिळालेले ज्ञान तिजोरीत बंद होऊ नये. आणि त्या पैशातला वाटा धोका निर्माण करणाऱ्यांनीही उचलावा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८९ साली अशी वाट काढली. विषारी रसायने मोठ्या प्रमाणावर वापरणाऱ्या कारखान्यांकडून शुल्क घेऊन लोवेल येथील राज्य विद्यापीठात एक संस्था उभारली गेली. ती उद्योगांना ती रसायने टाळण्याचे मार्ग शोधून देते. कपड्यांची ड्रायक्लीनिंग करणाऱ्या छोट्या दुकानदारांनाही घातक द्रावक सोडून पाण्यावर आधारित पद्धतीकडे वळायला तिने साहाय्य केले. आपल्याकडे असे करायला काय हरकत आहे? डोंबिवलीत २०१६ साली आणि पुन्हा २०२४ साली रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. अशा प्रत्येक वेळी कारखाने दुसरीकडे हलवण्याची मागणी होते. दुसरीकडे म्हणजे कुठे? तेथेही कुणीतरी राहतेच, आणि बहुधा आपल्याहून गरीब.

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांची चूल अशा कारखान्यांच्या पगारावर पेटते. ते बंद पडावेत, अशी इच्छा मी कशी करू? काम हे माणसाच्या प्रतिष्ठेचे साधन आहे, ही तर ख्रिस्तसभेचीच शिकवण. पण आपली मुले रसायनशास्त्र शिकतात, अभियंते होतात. मोठ्या पगाराच्या जागा सोडून एखादा तरुण प्रयोगशाळेत अशी सुरक्षित वाट शोधायला बसला, तर त्याला वेड्यात काढण्याऐवजी, तेही एक पाचारण आहे, असे आपण त्याला सांगू शकू का? मते मागायला येणाऱ्या उमेदवाराला आपण रस्ता आणि नळ मागतो. शेजारच्या कारखान्यात कशाचा किती साठा आहे, आणि तो कमी करण्यासाठी शासन काय शोधते आहे, हे एकदा तरी विचारू शकू का?

कठडा बांधणाऱ्याला कुणी धन्यवाद देत नाही. गच्चीवर खेळणारे मूल कठड्याला टेकते, दुसरीकडे धावते आणि संध्याकाळी जेवायला खाली येते. काही घडलेच नाही, असे सर्वांना वाटते. आगमनकाळात पुन्हा तो द्वारपालाचा दाखला कानी येईल, तेव्हा जागे राहणे म्हणजे हेही असते, याची आठवण ठेवू या.