पंचमाची मनाई

पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे अध्ययन जो आरंभितो, त्याच्या वाटेत अगदी पहिल्याच पाठांत एक सक्त मनाई येते. दोन आवाज एकमेकांपासून पंचमाच्या अंतरावर असता त्यांनी तेच अंतर कायम राखून एकाच दिशेने पुढे सरकू नये. षड्ज आणि तारषड्ज यांच्या जोडीलाही हाच हुकूम लागू आहे. तंबोऱ्याच्या नादात वाढलेल्या आपल्या कानाला ही आज्ञा विलक्षण वाटते. कारण दोनास एक आणि तीनास दोन या अतिसरल प्रमाणांतून जन्मलेल्या या अंतरांइतका निकटचा संवाद स्वरसृष्टीत दुसरा नाही. मग जे सर्वांत सुसंवादी, त्यालाच असा मज्जाव का?

व्हिएन्नाच्या बादशाही दरबारातील संगीतप्रमुख योहान योझेफ फुक्स याने 1725 साली ‘ग्राडुस आद पार्नासुम’ हा लॅटिन ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने प्रसिद्ध केला. त्यातील गुरू म्हणजे सोळाव्या शतकातील रचनाकार पॅलेस्ट्रिना आणि शिष्य म्हणजे स्वतः ग्रंथकार. एका स्थिर धुनेसमोर दुसरी धून रचण्याची, म्हणजेच काउंटरपॉइंटची, विद्या त्याने पाच पायऱ्यांत बसविली, आणि हायडनने तिच्यावर स्वतःच्या बळाने प्रभुत्व मिळवून पुढे तरुण बीथोव्हेनलाही त्याच पायऱ्यांवरून चालविले. मात्र मनाईमागील तत्त्व संगीतशास्त्रकार झार्लिनोने 1558 साली व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या ग्रंथात आधीच मांडले होते: जेथे भिन्नता नाही, तेथे संवादही नाही. पंचमाने जोडलेले दोन आवाज बरोबर चालू लागले की ते इतके एकजीव होतात की कानाला एकाच जाड आवाजाचा भास होतो, आणि ज्यांच्यात मेळ घडावयाचा त्या दोघांपैकी एक नाहीसाच होतो. उलट, गांधाराच्या अंतरावर, जेथे संवाद तितका परिपूर्ण नाही, आवाजांना काही काळ सोबतीने चालण्याची मुभा आहे. गोव्याचा मांडो ज्यांनी दोन आवाजांत ऐकला आहे, त्यांना हे सोबतीचे चालणे परिचित असेल.

जीव आणि ईश्वर यांचे ऐक्य म्हणजे जीवाचा विलय काय, या आपल्याकडील पुरातन प्रश्नाकडे मी या नियमामुळे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. तुकोबांनी मुक्ती नाकारून पुन्हा गर्भवास मागितला, तो मोक्षाचे मोल कमी लेखून खचित नव्हे. प्रेमाला दुसरेपण लागते, हे त्यांना ठाऊक होते. परिपूर्ण ऐक्याचा मोह आवरून दोघांचे दोनपण जपणारी ही मनाई मला म्हणूनच भक्तिमार्गाच्या अंतःकरणाशी अतिशय जवळची वाटते.

येथे मात्र या साम्याची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. फुक्सच्या चौथ्या पायरीत एक स्वर जागचा हलत नाही, दुसरा सरकतो, आणि केवळ स्थिर राहिल्यामुळे पहिला विसंवादी ठरतो. मग त्याने एक पायरी खाली उतरून संवादाला यावे, असा दंडक आहे. तत्त्वज्ञ लाइब्निट्सने 1697 मध्ये अशाच विसंवादांचा दाखला देऊन जगातील दुःखाचे समर्थन केले. ते मला पटत नाही. कागदावरील विसंवादाची सुटका रचनाकाराने आधीच योजून ठेवलेली असते; ज्याचे मूल दुष्काळात गेले त्याच्या हाती तशी हमी कोणी दिलेली नाही.

ज्यांना ही विद्या शिकावयाची असेल त्यांनी हे पाठ केवळ वहीत गिरवू नयेत. एक सोबती गाठावा, त्याला स्थिर धून धरावयास सांगावी आणि दुसरी आपण गावी. पंचमाच्या मनाईचे कारण गळ्याला जितके लवकर कळते तितके ते डोळ्यांना कळत नाही.