सणाचे चार दिवस

आजरा तालुक्यात गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा काळ जितका सणांचा, तितकाच कामाच्या दाटीचाही असतो. भातकापणी आणि ऊसगाळपाची तयारी याच सुमारास येते, आणि काजूगर सोलणाऱ्या स्त्रियांचे हात कारखान्यात हवे असतात त्याच दिवसांत घरी गौरी येतात. अशा वेळी अभिप्रेरण, म्हणजे माणसाला मनापासून काम करावेसे वाटणे, हे केवळ मिठाईच्या पुड्याने साधत नाही, मग तो पुडा कितीही गोड लागो. बोनस, म्हणजे ठरलेल्या वेतनाखेरीज मिळणारा वाटा, हा एकेकाळी मालकाची कृपा मानला जाई. तो नाकारला गेल्यामुळे १९२४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी मोठा संप केला, आणि पुढे १९६५ च्या कायद्याने पात्र कामगारांसाठी किमान बोनस हा हक्क ठरवला; ही किमान मर्यादा नंतर ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या वेतनाचा साधारण बारावा हिस्सा, इतकी झाली. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, ठरावीक संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. त्यांपैकी चार राष्ट्रीय व राज्याच्या दिनांच्या असून उरलेल्या चार मालक व कामगार यांनी परस्परसंमतीने ठरवायच्या असतात. ही संमती बहुधा कागदावरच उरकली जाते, हे खेदाचे आहे. जिथे मजुरी वजनावर मिळते, तिथे सुट्टी म्हणजे बुडालेला रोज, आणि म्हणून गौरीपूजनाचा दिवस भरपगारी हवा की दुसरा एखादा, हे त्या सोलणाऱ्या स्त्रियांनाच श्रावणात विचारले जाणे अधिक शहाणपणाचे ठरते.