लोण्याविना लोणी: हिवाळी फराळातील प्रतिनिधीचा प्रश्न

दूध, तूप, लोणी, अंडे, शेंगदाणे किंवा सुकामेवा यांतले काहीही न घालता केलेली बटर कुकी हा वरवर पाककृतीचा विषय आहे. मैदा, पिठीसाखर, चिमूटभर मीठ, थोडी वेलची आणि लोण्याच्या जागी वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ, एवढेच तिचे साहित्य. पण एखादी वस्तू वर्ज्य ठरवायची आणि तिच्यासारखीच दिसणारी, तशीच लागणारी दुसरी तिच्या जागी आणून ठेवायची, यात धर्मविचारातला एक जुना वाद दडलेला आहे. वर्ज्य वस्तूची नक्कल चालते का? ज्या कारणाने ती वर्ज्य केली, ते कारण नकलेलाही चिकटते का? या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे कृष्णाकाठी जवळजवळ राहत आली आहेत. नदीच्या वरच्या अंगाला, सातारा जिल्ह्यातील वाईत, मीमांसेचे अध्ययन; खालच्या अंगाला, सांगलीच्या परिसरात, दिगंबर जैन समाज.

मीमांसेत बदली द्रव्याला प्रतिनिधी म्हणतात. जैमिनीच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात त्याची चर्चा आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच संन्यासानंतरचे केवलानंद सरस्वती, यांनी सात खंडांचा मीमांसाकोश सिद्ध केला, तेव्हा हे शास्त्र या भागाला परके नाही. नियम असे: यज्ञाला व्रीही, म्हणजे भात, सांगितला आणि तो मिळाला नाही, तर नीवार हे रानटी धान्य घ्यावे, सोम नसेल तर पूतिका. कर्म अडू नये म्हणून द्रव्य बदलता येते. देवता, मंत्र आणि अग्नी मात्र बदलता येत नाहीत, आणि यजमानही नाही. प्रतिनिधी मूळ द्रव्याच्या होईल तितका जवळचा असावा. थोडक्यात, इथे साम्य हा गुण आहे.

कुकीच्या पिठात हे साम्य कशात शोधायचे? लोण्याचा पिवळेपणा आणि वास यांत नव्हे, त्याच्या कामात. बाजारच्या लोण्यात शेकडा 80 च्या आसपास स्निग्धांश आणि 16 च्या आसपास पाणी असते. हा स्निग्धांश मैद्याच्या कणांवर बसतो, त्यामुळे पिठाला चिवटपणा येत नाही आणि कुकी खुसखुशीत होते. म्हणून 100 ग्रॅम लोण्याऐवजी 80 ग्रॅम गोठलेले खाद्य खोबरेल आणि चमचाभर पाणी घेतले तर हिशेब जमतो. खोबरेल साधारण 24 अंशांना वितळते; डिसेंबर-जानेवारीतल्या साताऱ्याच्या थंडीत ते आपसूक घट्ट राहते आणि साखरेबरोबर फेसता येते. अडचण असलीच तर सवयीची आहे. कोकणात जे आमटीत पडते ते घाटावर डोक्याला लावतात, आणि त्या वासाची कुकी खायला घाटावरची माणसे एकदम तयार होत नाहीत. वास काढलेले तेल घेतले की तीही कुरकुर थांबते.

मीमांसेचा आणखी एक नियम इथे फारच नेमका लागू पडतो. जे द्रव्य यज्ञाला निषिद्ध आहे, ते मूळ द्रव्याशी कितीही मिळतेजुळते असले तरी प्रतिनिधी होऊ शकत नाही. मुगाच्या जागी उडीद चालत नाही तो याच कारणाने. दूध-लोणी सोडणाऱ्या स्वयंपाकघरात पहिला हात जातो तो काजू-बदामाकडे. बदामाचे दूध, काजूची साय, काजूचेच लोणी. ज्याला सुकामेवा सोसत नाही त्याच्या ताटात हा प्रतिनिधी मुळातच बाद ठरतो. मग उरते सूर्यफुलाचे किंवा खोबऱ्याचे तेल आणि ओटचे दूध. दोन वर्ज्ये एकत्र आली की पर्याय निम्मे होत नाहीत, त्याहून बरेच कमी होतात.

तरीही मीमांसेचे उत्तर पुरे पडत नाही. तिथे प्रतिनिधी येतो तो मूळ द्रव्याच्या अभावामुळे. इथे लोणी दुकानात आहे, परवडणारे आहे, आणि ते जाणूनबुजून नाकारले आहे. नाकारलेल्या गोष्टीची प्रतिकृती करण्याबद्दल जैन परंपरेने एक भयंकर कथा सांगितली आहे. उज्जयिनीच्या यशोधर राजाला वाईट स्वप्न पडते. त्याची आई चंद्रमती देवीला पशूचा बळी द्यायला सांगते. राजा हिंसेला तयार नसतो, आईचे मनही मोडवत नाही. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो कापतात. पुढे दोघेही विषप्रयोगाने मरतात आणि मोर, कुत्रा अशा पशुयोनींत जन्मोजन्म एकमेकांचा आणि इतरांचा घास होत फिरतात. सोमदेवसूरीने 959 साली ही कथा ‘यशस्तिलका’त विस्ताराने मांडली, कन्नडमध्ये तेराव्या शतकात जन्न कवीने ती गायली. कोंबड्याला जीव नव्हता, रक्त सांडले नाही; पण मारण्याचा संकल्प पुरा झाला होता. याच पिष्टपशूला माध्व वैष्णवांनी यज्ञातील अहिंसक तोडगा म्हणून मान दिला, हे लक्षात घेतले की मतभेद किती खोल आहे ते कळते. पीठ एकच, एका परंपरेला ते सुटकेचे साधन वाटले, दुसरीला पापाचे.

मग लोण्याविना लोण्याची कुकी हा यशोधराचा कोंबडा ठरतो का? दोन्हींतला फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. यशोधराने जपली ती कृती, म्हणजे वार. कुकी करणारा जपतो ती चव. लोण्याच्या गोडीत वासराच्या उपाशीपणाचा आनंद नसतो. दूध काढण्यातला अन्याय वजा करूनही ती गोडी शिल्लक राहू शकते. तेव्हा संकल्पी हिंसेचा आरोप इथे टिकत नाही. मांसाच्या हुबेहूब नकलेबद्दल हेच इतक्या सहज म्हणता येणार नाही.

जैन आचारात लोण्याची कथा आणखी निराळी आहे. दूध चालते, तूप चालते, लोणी मात्र त्याज्य. समंतभद्राच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त मुळा, ओले आले यांच्या रांगेत लोणी बसवले आहे: फळ थोडे, जीवघात फार. काढल्यावर थोड्याच वेळात लोण्यात सूक्ष्म जीव उपजतात, हे त्यामागचे कारण. म्हणजे श्रावकाचार काटेकोर पाळणाऱ्या सांगलीकर घरात बटर कुकीतले बटर व्हीगन चळवळीच्या कितीतरी आधीच बाद झालेले होते. नानकटाई व्हायची ती तुपाची. 1944 साली ब्रिटनमध्ये व्हीगन सोसायटी स्थापन करणाऱ्यांचा आक्षेप लोण्यातल्या जीवांवर नव्हता, गोठ्यातल्या व्यवहारावर होता. हा आक्षेप जैन शेतकऱ्याला अडचणीत टाकणारा आहे. 1899 साली स्थापन झालेल्या आणि सांगलीतून चालणाऱ्या दक्षिण भारत जैन सभेचा समाज बव्हंशी शेतकरी आहे, दारात म्हैस असणारा. वासराने पिऊन उरलेले दूध निर्दोष, ही जुनी भूमिका एका म्हशीच्या गोठ्याला शोभते. बाजारासाठी दूध घालणाऱ्याला नर रेडकाचे काय करायचे हा प्रश्न चुकत नाही. महाराष्ट्राच्या 2015 च्या सुधारित कायद्याने बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी घातली. म्हैस-रेडे त्यात नाहीत. या प्रश्नावर परंपरेने अजून पुरेसा विचार केलेला नाही, असेच म्हणावे लागते.

मात्र तूप सोडण्याचे आणखी एक कारण जैनांकडे आहे आणि त्या कसोटीवर ही कुकी साफ नापास होते. सहा बाह्य तपांपैकी एक रसपरित्याग. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि मीठ यांतले एक किंवा अनेक रस सोडायचे, ते जिभेला आवर घालण्यासाठी. इथे गाईचा संबंध नाही. तुपाऐवजी तितकेच रुचकर खोबरेल घातले, वर साखर आहेच, तर जिभेने सोडले काय? अहिंसा म्हणून जी कुकी चोख आहे, तीच तप म्हणून पोकळ आहे.

ख्रिस्ती युरोपात हाच पेच नाताळाच्या तोंडावर आला होता. नाताळापूर्वीच्या उपवासकाळात लोणी वर्ज्य असे, त्यामुळे जर्मनीतील ड्रेस्डेनचा श्टोलेन पाव तेलात करावा लागे आणि तो कोणाला आवडत नसे. सॅक्सनीच्या राजघराण्याने रोमकडे विनवणी केल्यावर 1491 साली पोप आठवा इनोसंट याने दंडाच्या बदल्यात लोण्याची मोकळीक दिली. फ्रान्समधील रुआँ कॅथीड्रलचा एक मनोरा अशाच सवलतींच्या पैशांतून उभा राहिला आणि आजही लोण्याचा मनोरा म्हणून ओळखला जातो. 1520 मध्ये मार्टिन ल्यूथरने या विक्रीवर हल्ला चढवला. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या मिरजेच्या मिशन रुग्णालयाभोवती जो मराठी ख्रिस्ती समाज वाढला, तो ल्यूथरनंतरच्या प्रॉटेस्टंट परंपरेतला. त्याच्या नाताळच्या फराळात, करंजी-शंकरपाळ्यांच्या शेजारच्या नानकटाईत, तूप पडते की डालडा हे व्रत ठरवत नाही, घरखर्च ठरवतो.

आतापर्यंतचा विचार लोण्याचा झाला. सुकामेवा आणि शेंगदाणे वगळण्याचे गणित पूर्ण वेगळे आहे, आणि दोन्ही वर्ज्ये एका ओळीत लिहिली जातात म्हणून ती एकाच जातीची समजणे ही चूक आहे. लोण्याच्या बाबतीत भाव निर्णायक ठरतो. ज्याने दूध सोडले आहे त्याच्या पोटात नकळत चमचाभर तूप गेले तरी व्रत मोडत नाही, निदान त्याच्या हातून तरी नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या बाबतीत भावाला किंमत शून्य. कुटाचा कण पोटात गेला तर घशाला सूज येऊ शकते, रक्तदाब कोसळू शकतो. वाढणाऱ्याची माया तिथे उपयोगी पडत नाही. अग्नीने अन्न शुद्ध होते ही समजूतही इथे लागू नाही, कारण भाजल्याने शेंगदाण्याचा हा दोष जात नाही. साताऱ्या-सांगलीत तर भाजीपासून संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत दाण्याचा कूट सर्वत्र.

तरीही जैन विचार इथे अपुरा पडत नाही. उमास्वातीच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या प्रमादावर, म्हणजे बेफिकिरीवर, उभी आहे. अमृतचंद्राने ती पुढे नेली: बेफिकिरी असेल तर कोणी मरो न मरो, हिंसा घडलीच, काळजी घेऊनही इजा झाली तर हिंसेचा दोष नाही. कूट काढलेल्या मिक्सरच्या भांड्यात न धुता पिठीसाखर फिरवणारा, मूल सुखरूप राहिले तरी, या हिशेबात निर्दोष सुटत नाही. दानाचे मोल विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चौघांवर ठरते, असेही ‘तत्त्वार्थसूत्रा’तच म्हटले आहे. सोसत नाही ते पानात वाढणे म्हणजे पात्राकडे न पाहता दिलेले दान. ख्रिस्ती बाजूला पौलाने करिंथकरांना लिहिताना भावाला अडखळण होईल ते अन्न न खाण्याचे ठरवले होते, पण त्याची चिंता भावाच्या सदसद्विवेकाची होती. इथे चिंता भावाच्या श्वासाची आहे.

ही काळजी प्रत्यक्षात अडते ती भट्टीवर. मैदा, साखर आणि तूप घरून नेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायची पद्धत या भागात जुनी आहे. पत्रे सगळ्यांचे एकच, आधीच्या गिऱ्हाइकाचा काजूचा तुकडा कोपऱ्यात चिकटलेला, पीठ मळायचे टेबलही तेच. पाकीटबंद मालावर शेंगदाणे, सुकामेवा, दूध यांचा उल्लेख करण्याचे बंधन अन्नसुरक्षेच्या नियमांनी घातले आहे आणि व्हीगन पदार्थांसाठी 2022 पासून वेगळे नियमही आहेत. भट्टीतून सुट्या डब्यात येणाऱ्या नानकटाईला मात्र लेबल नसते. तिच्यात काय आहे हे देणाऱ्यानेच तोंडाने सांगावे लागते, आणि भाजून घ्यायची झाली तर घरूनच मळून नेलेल्या गोळ्या, पत्र्यावर आपला कागद आणि सकाळचा पहिला घाणा, एवढे भट्टीवाल्याशी आदल्या दिवशी ठरवून ठेवावे लागते.