विरजण

फुकट मिळणाऱ्या वस्तूबद्दल आम्ही मध्यमवर्गीय मंडळी फक्त दोन प्रश्न विचारतो. एक, 'आणखी आहे का?' आणि दोन, 'पिशवी मिळेल का?' ती वस्तू कोणी दिली, का दिली, देताना काही अट घातली होती का, असले प्रश्न आमच्या डोक्यात येत नाहीत. माझ्याही आले नसते. मी पडलो बी.कॉम.; गेली वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेला माणूस. अटी छापलेला कागद लोकांपुढे सरकवायचा आणि 'इथं, इथं आणि मागं' असं म्हणत सह्या घ्यायच्या, हा माझा धंदा. स्वतः अटी वाचायची पाळी माझ्यावर आली ती आमच्या घरातल्या इंटरनेटच्या डबीमुळे.

या डबीला राउटर म्हणतात. आमच्याकडे ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यात खिळ्याला टांगलेली आहे. रोज रात्री साडेनऊला, म्हणजे बरोब्बर हिची मालिका रंगात आली की, डबीचा हिरवा दिवा लाल होतो. उपाय घरात सर्वांना पाठ आहे. बटण बंद करायचं, दहा आकडे मोजायचे, बटण चालू करायचं. आकडे मोजायचं काम माझ्याकडे आहे, कारण मी बँकेत आहे.

दिवाळीत पुण्याहून भाचा आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यानं डबी खिळ्यावरून काढली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "मामा, हिच्या आत लिनक्स आहे. कंपनीकडून सोर्स कोड मागव. मी बघतो दुरुस्त करून."

"मागवायला तो काय चिवडा आहे?" मी म्हटलं. "कंपनी आपली विद्या मला कशाला देईल?"

"कंपनीची नाहीच ती. फुकट घेतलीय. आणि मागणाऱ्याला द्यायची, या अटीवर घेतलीय."

अट हा शब्द ऐकला की माझ्यातला कारकून जागा होतो. मी चष्मा लावला आणि डबीबरोबर आलेली पुस्तिका शोधून काढली. ती आम्ही डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवली होती. शेवटून दुसऱ्या पानावर, औषधाच्या बाटलीवर एक्स्पायरीची तारीख असते तेवढ्या अक्षरात, खरोखरच लिहिलं होतं की अमुक पत्त्यावर लेखी मागणी केल्यास सोर्स कोड मिळेल.

आता सोर्स कोड म्हणजे काय, हे मी मला समजलं तसं सांगतो. डबीत जे चालतं ती तळलेली चकली. सोर्स कोड म्हणजे भाजणीचं प्रमाण. चकली कितीही चावली तरी तांदूळ किती आणि हरभऱ्याची डाळ किती हे कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय चकली मऊ का पडते याचा शोध लागत नाही.

ही लिनक्स नावाची भाजणी १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं केली आणि पुढच्या वर्षी एका परवान्याखाली जगाला वाटून टाकली. त्यानंतर जगभरच्या हजारो माणसांनी तिच्यात भर घातली. परवाना रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाचा. त्यांची कथा कळली तेव्हा मला तो माणूस फार जवळचा वाटला. १९८० च्या सुमाराला एम.आय.टी.मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत एक नवा प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी अशी सोय केली होती की कागद अडकला की मंडळींना संगणकावर निरोप जाई. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मात्र त्यांना मिळेना. ज्याच्याकडे होता त्यानं तो कोणाला न देण्याचं वचन दिलेलं. हे शल्य त्यांनी मनात ठेवलं. १९८३ मध्ये सर्वांना वापरता, बदलता आणि वाटता येईल अशा प्रोग्रॅमांची मोहीम जाहीर केली आणि १९८९ मध्ये तो परवाना लिहिला. प्रिंटरमध्ये कागद अडकल्यामुळे माणसाला आयुष्याचं ध्येय सापडू शकतं, हे पासबुक छापायच्या यंत्रासमोर बसणाऱ्या माणसाला पटवून द्यावं लागत नाही. फरक एवढाच की आमचा कागद अडकला की आम्ही 'उद्या या' म्हणतो.

परवान्याची अट साधी आहे. घ्या, वापरा, बदला, खुशाल विका. मात्र दुसऱ्याच्या हाती द्याल तेव्हा भाजणीचं प्रमाणही द्या, आणि तुम्हाला जी मोकळीक मिळाली तीच त्यालाही द्या. १९९१ च्या आवृत्तीत तर अशीही सोय आहे की प्रमाण बरोबर दिलं नाहीत तर निदान लेखी वचन द्या. ते किमान तीन वर्षं पाळा आणि नक्कल करून देण्याच्या खर्चापलीकडे पैसे घेऊ नका. तीन वर्षं! चेक तीन महिन्यांत शिळा होतो, हे वचन तीन वर्षं ताजं. इतकी मुदत मी फक्त प्रॉमिसरी नोटेची पाहिली आहे.

हे सगळं ऐकून हिनं एका वाक्यात निकाल दिला. "म्हणजे विरजणच की!"

मी चपापलो. अगदी बरोबर होतं. आम्ही चाळीत राहायचो तेव्हा वाटी घेऊन विरजण आणायला मीच जायचो. विरजण मागायला लाज नसे आणि द्यायला नकार नसे. चमचाभर दह्याचे पैसे कोणी घेतल्याचं मला आठवत नाही. अट कोणी बोलून दाखवत नसे, पण ती होती: उद्या कोणी तुमच्या दारात वाटी घेऊन आलं तर तुम्हीही द्यायचं. आता समजा, एखाद्यानं चाळीतून चमचाभर विरजण नेलं, त्याचं श्रीखंड केलं, सुंदर डबीत भरून विकलं, त्यावर बंगला बांधला आणि चाळीतलं पोर वाटी घेऊन गेलं तर 'ते आमचं गुपित आहे' म्हणून दार लावलं, तर? त्यानं चोरी केली का? विरजण तर दिलेलंच होतं. देणाऱ्याचं काही कमी झालं का? नाही. मग त्या पोराला दारातून परतताना जे वाटतं ते काय आहे?

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आम्हाला शिकवलं होतं की मोबदला नसेल तर करार नाही. त्या हिशेबानं फुकट देणाऱ्याच्या अटीला काय किंमत? पण परवाना लिहिणारे आमच्या प्राध्यापकांपेक्षा हुशार निघाले. दुसऱ्यानं लिहिलेलं परवानगीशिवाय छापता-वाटता येत नाही, हा कायदा आधीपासूनच आहे. परवाना म्हणजे ती परवानगी. अट मोडली की परवानगी संपली. मग तुम्ही साधे नक्कलचोर.

हे कोर्टातही टिकलं. २००४ मध्ये हाराल्ड वेल्टे या जर्मन प्रोग्रॅमरनं एका राउटर विकणाऱ्या कंपनीविरुद्ध म्युनिकच्या न्यायालयातून मनाईहुकूम मिळवला. अमेरिकेत २००७ मध्ये बिझीबॉक्सच्या लेखकांनी दावा लावला. हा बिझीबॉक्स म्हणजे छोट्यामोठ्या पुष्कळ कामांचा एकच डबा, आमच्या मिसळणाच्या डब्यासारखा. एका फ्लॉपीत मावावा म्हणून जन्माला आलेला आणि पुढे घरोघरच्या यंत्रांत जाऊन बसलेला. तो दावा आपसात मिटला. २०२१ मध्ये तर कॅलिफोर्नियात एका संस्थेनं व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर दावा लावला, तो लेखक म्हणून नव्हे, टीव्ही विकत घेतलेलं गिऱ्हाईक म्हणून. मागणी पैशांची नव्हती. म्हणणं एवढंच, की आमच्या टीव्हीतल्या भाजणीचं प्रमाण द्या.

आणि दिल्यानं बुडतं का? २००३ मध्ये लिंक्सिस कंपनीच्या निळ्या-काळ्या राउटरात लिनक्स असल्याचं लोकांच्या ध्यानात आलं. बरीच ओरड झाल्यावर कंपनीनं सोर्स कोड खुला केला. त्यावरून हौशी मंडळींनी ओपनडब्ल्यूआरटी नावाची नवी भाजणी केली आणि त्या डबीला अशी काही मागणी आली की २००५ मध्ये कंपनीनं खास या हौशी गिऱ्हाइकांसाठी तिची लिनक्सवाली आवृत्ती वेगळी काढली. दार उघडल्यावर श्रीखंड जास्तच खपलं.

एवढ्या तयारीनिशी मी पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयास अनुसरून', सगळं यथासांग. नकलेचा खर्च कळवावा, चेकनं पाठवीन, असंही लिहिलं. पंधरा दिवसांनी एक मुलगा बॅग घेऊन दारात उभा. "सर, तुमची कोडची कंप्लेंट आहे ना? पासवर्ड विसरलात का?" मी त्याला चहा दिला. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं की आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे. हे वाक्य मी स्वतः दिवसातून चार वेळा लिहितो. त्याचा अर्थ मला माहीत आहे.

खरं सांगायचं तर मला कंपनीचा रागही येईना. चिप एकाची, प्रोग्रॅम दुसऱ्याचा, जोडणी तिसऱ्याकडे, वर नावाची पट्टी चौथ्याची. प्रत्येकाला वाटतं, अट मागच्या टेबलावर पाळली असेल. यात दुष्टपणा कुठं असतो? टेबलं असतात.

तरी मी भाच्यापुढे तावातावानं बोललो. "दुसऱ्याचं फुकट घ्यायचं, त्यावर आपलं नाव लावायचं, आणि कोणी मागितलं तर 'बघतो' म्हणायचं! लाज नाही वाटत यांना?"

आणि 'बघतो' या शब्दापाशी माझी जीभ अडखळली.

आमच्या शाखेतून चार वर्षांपूर्वी एक हेडकॅशियर निवृत्त झाले. संध्याकाळी जमाखर्चात येणारा फरक शोधायला त्यांनी संगणकावर एक तक्ता केला होता. केव्हाही पाहा, चार मिनिटांत फरक सापडणार. निवृत्त होताना तो माझ्या हवाली करून म्हणाले होते, "वापरा, कोणालाही द्या. फक्त सूत्रं लपवू नका. आणि खाली कोपऱ्यात माझं नाव आहे, ते राहू द्या." मी मान डोलावली होती. दोन वर्षांनी विभागीय कार्यालयानं कामात सुधारणा सुचवायला सांगितलं तेव्हा मी तोच तक्ता पाठवला. नाव काढलं ते छपाईत कोपरा कापला जात होता म्हणून. असं मी स्वतःला सांगितलं. सूत्रांना कुलूप लावलं ते कोणी चुकून बिघडवू नये म्हणून. तेही स्वतःलाच सांगितलं. प्रशस्तिपत्र मिळालं, ते आमच्या दिवाणखान्यात, डबीच्या बरोबर शेजारच्या खिळ्यावर आहे. आणि गेल्या मार्चमध्ये दुसऱ्या शाखेतल्या एका नव्या मुलीचा फोन आला होता: "सर, आमच्याकडे दोन रकाने जास्त लागतात. तक्त्याचं कुलूप उघडून द्याल का?" मी म्हणालो होतो, "बघतो."

तिचं काही नुकसान झालं का? ती रोज अर्धा तास उशिरा घरी जात असेल, इतकंच. हेडकॅशियरांचं काही कमी झालं का? पेन्शन चालू आहे. मला कोणी पकडलं का? मुळीच नाही. दुसऱ्याची चूक ज्या तराजूत मी तोलत होतो, त्यात स्वतःला बसवल्यावर काटा कुठं जातो ते मला दिसलं. फुकट दिलेल्या वस्तूच्या अटीवर पहारा नसतो. म्हणूनच ती पाळली का नाही, यावरून माणूस कळतो. पहाऱ्यातल्या अटी काय, आमचे थकबाकीदारही पाळतात.

त्या रात्री मी हेडकॅशियरांना फोन केला. दहा मिनिटं घरच्यांची चौकशी केली आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "अहो, नावाचं सोडा. पण त्या मुलीला कुलूप उघडून दिलंत का?"

दुसऱ्या दिवशी दिलं. कोपऱ्यात त्यांचं नाव पुन्हा घातलं; छपाईत ते व्यवस्थित बसतं. विभागीय कार्यालयालाही तसं कळवलं आहे. माझं पत्र संबंधित विभागाकडे पाठवल्याचं उत्तर आलं आहे. प्रशस्तिपत्र मात्र मी खिळ्यावरून काढून ठेवलं. कंपनीला तिसरं पत्र पोस्टानं गेलं आहे. त्यात पहिल्या दोन पत्रांतला ताव नाही, असं ही म्हणते.

डबी अजून साडेनऊला लाल होते. मी बटण बंद करतो आणि दहा आकडे मोजतो. हल्ली जरा सावकाश मोजतो.