जमिनीकडे जाण्यापूर्वी

नोकरी आणि नगर सोडून जमिनीच्या एखाद्या तुकड्यावर जावे, स्वहस्ताने पिकवावे व स्वावलंबी व्हावे, अशी इच्छा आज पुष्कळ गृहस्थांच्या मनात उत्पन्न होते. इच्छा सात्त्विक दिसते. परंतु ती त्यागातून उपजली आहे की कंटाळ्यातून, याचा निर्णय प्रथम झाला पाहिजे. वृद्ध मातापिता, मुलांचे शिक्षण, पत्नीची संमती यांचा विचार न करता जो घर मोडून निघतो, तो शेतावर पोहोचला तरी कर्तव्यातून पळालेलाच राहतो.

या बाबतीत एक उदाहरण मननीय आहे. इ. स. १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत हर्मन कॅलनबाख यांनी जोहान्सबर्गपासून सुमारे २१ मैलांवरील आपली ११०० एकर जमीन महात्मा गांधींच्या हाती दिली. तेथे उभे राहिले ते टॉल्स्टॉय फार्म. ते कोणाच्या विश्रांतिसुखासाठी नव्हते. सत्याग्रहात कारागृहात गेलेल्यांच्या कुटुंबांना आधार मिळावा, हा त्याचा हेतू होता. तेथे नोकर नव्हते. स्वयंपाकापासून मैलासफाईपर्यंत सर्व कामे रहिवासीच करीत. खासगी कामासाठी शहरात जाणाऱ्याने पायीच जावे, असा नियम होता.

यावरून हे स्पष्ट होते की प्रारंभ जमिनीपासून नव्हे, आपल्या हातांपासून होतो. जमीन विकत मिळते. श्रमाची सवय विकत मिळत नाही. ज्याला स्वतःचे उष्टे ताट उचलण्याचा संकोच वाटतो, तो शेतावर जाऊन मजुरांचा धनी होईल, स्वावलंबी होणार नाही.

म्हणून ज्याला ही वाट धरावयाची असेल, त्याने आहे त्याच घरी एक वर्ष अभ्यास करावा. परसात, परस नसल्यास कुंडीत, मेथी पेरावी; भाजीची देठे व पालापाचोळा कुजवून खत करावे; आपली कामे आपण करावी. कीड पडून रोपे गेली तर मन किती खचते, हे पाहावे. फलाची आसक्ती तेथेच कळून येते.

पहिली जुडी मात्र शेजारच्या घरी द्यावी. केवळ स्वतःसाठी शिजविणाऱ्याला गीतेने तिसऱ्या अध्यायात पापाचा भागीदार म्हटले आहे. स्वतः पिकविणाराही या नियमातून सुटत नाही. मुगाचे पीक आपल्या मुळांवरील गाठींतून पुढील पिकासाठी जमिनीत नत्र ठेवून जाते. गृहस्थाचे स्वावलंबन असेच असावे.